नाव पुसलं म्हणजे माणूस निनावी होत नाही: या चुका टाळा

युजरची गोपनीयता मोजायचं काम आलं की मी रिपोर्ट बाजूला ठेवते आणि आधी कच्ची फाईल मागते. पहिल्या दहा ओळींतच बहुतेकदा तीच चूक दिसते: मोबाइल नंबरचा हॅश केला, म्हणजे सूत्राने त्याचं आकडे-अक्षरांचं न ओळखता येणारं रूप केलं (एका नंबरचं नेहमी तेच रूप), आणि डेटा निनावी झाला असं मानलं.

एका कंपनीत मी हे जवळून पाहिलं. कोण कोणती औषधं मागवतं, याची फाईल होती आणि नंबरांवर एसएचए-256 ही हॅशची पद्धत लावलेली. "हॅशवरून नंबर निघूच शकत नाही," असं मला ठामपणे सांगितलं गेलं. पण तो काढावा लागतच नाही. आपला नंबर दहा आकडी, सुरुवात 6 ते 9 ने, म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवत बसायचं. मी ते काम लॅपटॉपला लावलं आणि चहा घेऊन परत येईपर्यंत सगळी फाईल उघडी पडली होती. त्यात तिथल्याच एका मुलाचा नंबर निघाला. त्याला बाजूला बोलावून त्याची ओळ दाखवली. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

2014 मध्ये न्यूयॉर्कच्या 17 कोटींहून जास्त टॅक्सी फेऱ्यांचा डेटा असाच उघडा पडला, तिथे एमडी5 ही हॅशची दुसरी पद्धत होती. हॅश करायचाच तर गुप्त किल्लीने करा आणि किल्ली दुसरीकडे ठेवा. मी मात्र तो कॉलमच काढून टाकायला लावते. कारण किल्ली लावली तरी ते टोपणनावच राहतं: एका माणसाच्या सगळ्या ओळी एकमेकींना जोडलेल्याच राहतात. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने नावाऐवजी नुसते क्रमांक देऊन युजरांचे सर्च प्रसिद्ध केले, तरी पत्रकार त्यातल्या एका बाईंच्या घरी पोचले.

दुसरी चूक सरासरीची. पिनकोडसारख्या कॉलमांत अगदी सारखी दिसणारी माणसं म्हणजे एक गट, आणि गट किती मोठे हे 'के' या आकड्याने सांगतात. "आमचा के सरासरी 40 आहे." मग ज्याचा गट 1 चा आहे, त्याने काय करायचं? के म्हणजे सगळ्यात लहान गट. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग हे तीन कॉलम निरुपद्रवी वाटतात ना? हिशोब करून पाहा. देशात सुमारे 19 हजार पिनकोड, म्हणजे एकात सरासरी 70-75 हजार माणसं. ऐंशी वर्षांच्या जन्मतारखा 29 हजार, त्या स्त्री-पुरुषांत वाटल्या की 58 हजार कप्पे. एका कप्प्यात जेमतेम एक माणूस! गोपनीयतेच्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेसाठी याच तीन गोष्टींवरून 87 टक्के लोक ओळखता येतील असा अंदाज काढला होता.

गट मोठा, पण त्यातल्या सगळ्यांना एकच आजार असेल तर के कितीही असो, गुपित फुटलंच.

कुकी बंद केल्या म्हणून ब्राउझरचे फॉन्ट, स्क्रीन, टाइमझोन मोजायचे सोडू नका; ते एकत्र केले तरी माणूस ओळखता येतो.

डिफरन्शियल प्रायव्हसीत, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात मुद्दाम थोडी गडबड मिसळण्याच्या पद्धतीत, प्रत्येक प्रश्नाचा एप्सिलॉन (गोपनीयता किती खर्च झाली त्याचं माप) साठत जातो, त्याची बेरीज ठेवा.

नवी मुलं तयार सॉफ्टवेअर लायब्ररी चालवून नुसता आकडा आणतात, त्याचा मला राग येतो. मी त्यांना 1 च्या गटातल्या वीस ओळी छापून आणायला सांगते आणि त्या हाताने, एकेक करून, वाचायला लावते.