सेवासंस्थेची कार्यसंस्कृती बदलताना : नेतृत्वासाठी काही सूचना

धुळे-नंदुरबार भागातील ख्रिस्ती सेवासंस्थांमध्ये सेवक मनापासून राबतात. तरीही बैठकीत तेच सेवक माना खाली घालून बसतात आणि खरे बोलणे बैठक उठल्यावर बाहेर मोटारसायकलींपाशी होते. ते बोलणे आत आणणे हेच संस्कृतिबदलाचे मुख्य काम आहे, आणि ते नेत्याने स्वतःपासून सुरू करावे.

माझी सुरुवात चुकली होती. संस्थेची मूल्ये शुद्ध मराठीत टाइप करून, चौकटीत बसवून मी कार्यालयाच्या भिंतीवर लावली. आमचे निम्मे सेवक नवापूर तालुक्यातील, घरी मावची बोलणारे. त्या चौकटीकडे वर्षभर कोणी पाहिले नाही, कारण तिच्याच खाली विश्वस्त खुर्च्यांवर आणि सेवक दाराजवळच्या सतरंजीवर बसत होते. संस्थेची खरी मूल्ये त्या बसण्यात सर्वांना दिसत होती. म्हणून पहिला महिनाभर काहीही बदलू नये. बैठकीत आधी कोण बोलते, चहा कोणापासून सुरू होतो, जीपची किल्ली कोणाकडे राहते आणि चूक झाली की ती कोणाच्या नावावर जाते, एवढे वहीत नोंदवत जावे.

त्यानंतर संस्थेतील सर्वांत जुनी कुरकूर हाती घ्यावी. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या मंडळीतील ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते अशी तक्रार येते. मंडळीचे पुढारी असलेले बारा प्रेषित तक्रार करणाऱ्यांना बंडखोर ठरवत नाहीत; ते सर्व शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगतात, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यासह त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटणी सोपवली गेली, असे यातून दिसते. आपल्याकडे वसतिगृहाच्या धान्याबद्दल तक्रार असेल, तर चौकशी समिती नेमण्याआधी कोठीची किल्ली आणि खरेदीची वही तक्रार करणाऱ्यांपैकीच दोघा विश्वासू माणसांच्या हाती द्यावी. हे जड जाते, मलाही गेले. पण अधिकार हातातून सुटताना दिसल्याशिवाय नेत्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

बैठकीत अहवाल ज्याच्या त्याच्या बोलीत द्यायला सांगावा आणि मराठीत सांगण्याचे काम एखाद्या तरुण सेवकाकडे सोपवावे. वेळ अधिक लागतो, तो लागू द्यावा. मोठे निर्णय दिवाळीनंतर घेऊ नयेत, कारण त्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातकडे निघतात आणि मंडळीतील कितीतरी जणांचे मत घ्यायचे राहून जाते.

पैशाबाबत आडपडदा ठेवू नये. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना त्याविषयीच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. कार्यालयात काटकसर का चालली आहे, हे स्वयंपाकघरातील मावशींनाही ठाऊक असले पाहिजे. विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो, तेव्हा जुन्या विश्वस्तांनी आपली जागा कधी मोकळी करायची हेही आधीच लेखी ठरवावे.

कामाच्या वाटणीसाठी बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएलाचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो याने दिलेला सल्ला पुरेसा आहे : सकाळपासून संध्याकाळपर्यंत सर्व न्यायनिवाडा एकट्या मोशेने करू नये, हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमावेत. दहांवरचा नायक आधी नेमावा, कारण पाड्यावर तोच पोहोचतो.

शेवटी बसण्याचा प्रश्न. पुढच्या बैठकीत खुर्च्या बाहेर ठेवून सर्वांसाठी एकच सतरंजी अंथरावी, नेत्याने दाराजवळ बसावे, आपली एखादी चूक प्रथम सांगावी आणि मत मात्र सर्वांत शेवटी द्यावे. आमच्याकडे असे केल्यावर दोन बैठका शांततेतच गेल्या. तिसऱ्या बैठकीत, तोवर कधीच न बोललेल्या एका सेवकाने सांगितले की पेट्रोलचे पैसे चार महिन्यांपासून मिळालेले नाहीत. ते पैसे आम्ही त्याच दुपारी दिले.