देऊळ, मशीद, विहार: तीन छतांचं पाणी एका विहिरीत

छतांवरचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायच्या या कामाची सुरुवात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करा. माहेरवाशिणी आलेल्या असतात, पोरं सुट्टीत असतात, आणि पारा ४४-४५ अंशांवर गेला की पाण्याचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. खानदेशात पांझरा नदीकाठच्या आमच्या गावात आम्ही सात जण होतो.

पहिली बैठक कुणाच्याच प्रार्थनास्थळात नको, विहिरीवर घ्या. परवानगी मागायला मात्र अदलाबदल करून जा. मशिदीच्या कमिटीकडे मी गेले, देवळाच्या पंचांकडे मोहल्ल्यातली माझी मैत्रीण. चाचांना आणि आप्पांना, दोघांनाही ‘नाही’ म्हणणं जड गेलं. विहारात तर लगेच चहाच आला!

मग हिशेब सांगा. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर २० मिलिमीटरची सर आली तर २,००० लिटर. थोडं वाया जाईल ते सोडा.

पाइप थेट विहिरीत सोडू नका. शेजारी खड्डा घ्या: तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू. त्यातून गाळलेलं पाणी विहिरीत जाऊ द्या. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढा, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. आम्ही ते विसरलो आणि आठवडाभर विहिरीला वास येत होता. फार वाईट वाटलं.

वाळू दरवर्षी जूनआधी धुवायची. पांझरेवर फड या सामूहिक सिंचनाच्या जुन्या पद्धतीत पाणी पाळीनं वाटतात, तशाच या कामाच्या पाळ्या लावा. रमजान आणि पेरणी पाहून.