व्हीएम स्लो आहे म्हणून व्हीसीपीयू वाढवताय? थांबा, आधी सीपीयू रेडी बघा

दर महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, आणि दुपारी हमखास फोन येतो, ‘अहो, ईआरपी हलतच नाहीये, जरा सीपीयू वाढवून द्या ना.’ चौदा वर्षं हेच काम करतोय, फोन चुकत नाही. (ईआरपी म्हणजे कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि ते चालतं व्हीएमवर, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर बनवलेल्या अनेक आभासी मशीनपैकी एकीवर.) आणि नेटवर शोधलं तर सल्लाही तोच मिळतो, की होस्टचा, म्हणजे त्या खऱ्या सर्व्हरचा, सीपीयू ६० टक्क्यांच्या खाली आहे ना, मग बिनधास्त चार व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी सीपीयू) अजून टाका. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकून मी स्वतः एक आख्खा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टचा गट, आजारी पाडलाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उदाहरणाला साधा क्लस्टर घेऊ. चार होस्ट, प्रत्येकात दोन सॉकेट (म्हणजे दोन प्रोसेसर), सॉकेटला १६ कोअर, ५१२ जीबी रॅम, वर ईएसएक्सआय (होस्टवर व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) आणि व्हीसेंटर (सगळे होस्ट एका ठिकाणून सांभाळणारं). व्हीएमवेअरऐवजी प्रॉक्समॉक्स किंवा नुसतं केव्हीएम वापरणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

१. सगळ्या व्हीएमची यादी काढा. आरव्हीटूल्स (व्हीसेंटरमधून ही माहिती काढणारं टूल) चालवा, एक्सेलमध्ये एक्सपोर्ट घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

२. एक होस्ट हिशोबातून वगळा. चार होस्टचे १२८ कोअर होतात, पण तुमचे ९६च. एक होस्ट बंद पडला तर त्याच्यावरच्या मशीन उरलेल्या तिघांवर उठायच्या आहेत. एचए म्हणजे होस्ट पडला तर मशीन दुसरीकडे उठवणारी सोय, तिचा अॅडमिशन कंट्रोल त्यासाठीची जागा राखून ठेवतो, तो चालू ठेवा. ‘जागा पुरत नाही म्हणून तात्पुरता बंद केला’ असं कोणी म्हणालं की समजा, कपॅसिटी संपलेली आहे.

आणि कोअर मोजा, थ्रेड मोजू नका. हायपरथ्रेडिंगमुळे ३२ चे ६४ दिसतात, पण एकाच कोअरवरचे दोन थ्रेड त्याच कोअरची ताकद वाटून घेतात, फायदा फार तर पंचवीस-तीस टक्क्यांचा.

३. मेलेल्या, म्हणजे कोणीच वापरत नसलेल्या, मशीन शोधा. लगेच डिलीट करू नका, आधी फक्त नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा आणि तिमाही उलटेपर्यंत थांबा, कारण काही रिपोर्ट तीन महिन्यांतून एकदाच चालतात. कोणी ओरडलं नाही तर बंद करा.

४. सीपीयू रेडी मोजा आणि व्हीसीपीयू कमी करा. खरं काम इथे आहे.

सीपीयू रेडी म्हणजे व्हीएमला काम करायचंय, ती तयार आहे, पण फिजिकल कोअर मोकळा मिळत नाही म्हणून रांगेत उभी आहे. गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आत हे सहसा कळत नाही. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ३० टक्के दाखवतो आणि युजर म्हणतो स्क्रीन अडकलीय, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून गेस्टमधला आकडा बघून व्हीसीपीयू कधीच वाढवू नका. केव्हीएमवर मात्र लिनक्स गेस्टमध्ये टॉप कमांडच्या ‘एसटी’ कॉलमला हेच स्टील टाइम म्हणून दिसतं, तो कॉलम बघायची सवय लावा.

व्हीसेंटरच्या परफॉर्मन्स चार्टमध्ये रेडी मिलिसेकंदात येतो, टक्क्यात नाही, आणि इथे निम्मे लोक घसरतात. रिअल-टाइम चार्टचा एक ठिपका म्हणजे २० सेकंद, म्हणजे २०,००० मिलिसेकंद. समजा ८ व्हीसीपीयूच्या मशीनला १६,००० दिसले, तर १६,००० भागिले २०,००० म्हणजे ८० टक्के, पण ही आठही व्हीसीपीयूंची बेरीज आहे, म्हणून परत ८ ने भागा, उत्तर १० टक्के प्रत्येकी. हे वाईट आहे, युजरला जाणवणारच. आता तोच १६,००० चा आकडा ‘एक दिवस’ चार्टवर दिसला तर तिथे एक ठिपका ३०० सेकंदांचा असतो, त्यामुळे उत्तर येतं प्रत्येकी ०.६७ टक्के, म्हणजे काहीच झालेलं नाही. आकडा तोच आणि अर्थ एकदम उलटे. कुठल्या चार्टचा आकडा आहे हे न सांगता कोणी ‘रेडी १६ हजार आहे’ म्हणालं तर पुढे बोलूच नका, आधी ते विचारा. मी पकडतो ती मर्यादा अशी, की प्रत्येकी ५ टक्क्यांच्या पुढे गेलं की लक्ष घालायचं आणि १० च्या पुढे गेलं की त्याच दिवशी हात लावायचा.

माझं काय झालं ते सांगतो. एका ठिकाणी ईआरपीचा डेटाबेस ४ व्हीसीपीयूवर होता, स्लो झाला म्हणून ८ केले, जरा बरं वाटलं, पुढच्या २० तारखेला परत तेच, मग १६ केले, आणि त्यानंतर तो आधीपेक्षाही हळू झाला आणि शेजारच्या मशीनही रडायला लागल्या. तीन रात्री मी स्टोरेज तपासलं, नेटवर्क तपासलं, डेटाबेसच्या माणसाला दोष दिला. चौथ्या रात्री ईएसएक्सटॉप (होस्टवरचे चालू आकडे दाखवणारी कमांड) उघडून बसलो तेव्हा को-स्टॉपचा कॉलम दिसला आणि तिथे १८ टक्के होते. रेडीही होता, पण खरा त्रास को-स्टॉपचा.

को-स्टॉप फक्त एकापेक्षा जास्त व्हीसीपीयूच्या मशीनला होतो. ईएसएक्सआयला एका मशीनचे सगळे व्हीसीपीयू साधारण बरोबरीने पुढे न्यावे लागतात. हल्लीचा शेड्युलर सैल आहे, सगळे कोअर एकाच क्षणी मोकळे हवेत असा त्याचा हट्ट नाही, पण एखादा व्हीसीपीयू फार मागे पडला की पुढे गेलेल्यांना तो थांबवतो. पालखीला सोळा भोई लावले आणि दोघं मागे राहिले तर बाकीच्या चौदांना उभंच राहावं लागतं, तसं. ३२ कोअरच्या गजबजलेल्या होस्टवर १६ व्हीसीपीयूची मशीन ठेवली की हेच होणार. को-स्टॉप ३ टक्क्यांच्या वर दिसला तर त्या मशीनचे व्हीसीपीयू कमी करा, वाढवू तर मुळीच नका. आम्ही १६ चे ६ केले आणि महिना अखेरचा जो रिपोर्ट तासभर चालायचा तो पंचवीस मिनिटांत यायला लागला. त्याच हार्डवेअरवर, एक रुपया खर्च न करता.

ईएसएक्सटॉपमध्ये ‘सी’ दाबलं की सीपीयूचा स्क्रीन येतो. तिथला आरडीवाय (म्हणजे रेडी) कॉलमही बेरजेचाच असतो, ‘ई’ दाबून मशीनचा आयडी दिला की प्रत्येक व्हीसीपीयू वेगळा दिसतो. शेजारचा एमएलएमटीडी कॉलम नक्की बघा. तिथे आकडा असेल तर कोअरची टंचाई नाही, कोणीतरी मशीनवर लिमिट लावून ठेवलंय. हा आकडा आरडीवायमध्येच धरलेला असतो, तो वजा करा, उरेल ती खरी रांग. एका क्लस्टरमध्ये टेम्प्लेटवरच ४,००० मेगाहर्ट्झचं लिमिट राहून गेलं होतं, दोन वर्षं त्यातून निघालेली प्रत्येक मशीन ते घेऊन जन्माला आली आणि होस्ट निवांत असताना मशीन गुदमरत होत्या. प्रॉडक्शनमध्ये लिमिट लावूच नका, कमी व्हीसीपीयू द्या, तेच खरं लिमिट.

कमी करताना घ्यायची काळजी:

मशीन बंद करावी लागते, चालू असताना व्हीसीपीयू काढता येत नाही. एकदम १६ चे ४ करू नका. १६ चे ८, मग एक महिना अखेर जाऊ द्या, मग ६. कमी केल्यावर डेटाबेसची सेटिंग तपासा, एसक्यूएल सर्व्हरचा मॅक्सडॉप (एका क्वेरीला किती सीपीयू वापरू द्यायचे ती सेटिंग) जुन्या संख्येवर अडकलेला असू शकतो. मोठी मशीन ठेवायचीच असेल तर शक्यतो एका सॉकेटच्या कोअरमध्ये, म्हणजे आपल्या उदाहरणात १६ च्या आत बसवा, नाहीतर तिची मेमरी दोन न्यूमा नोडमध्ये (नोड म्हणजे एक सॉकेट आणि त्याची जवळची मेमरी) विभागली जाते आणि लांबच्या मेमरीसाठी प्रत्येक वेळी हेलपाटा पडतो. आणि ‘पुढे लागेल’ म्हणून सीपीयू हॉट-अॅड (मशीन चालू असताना सीपीयू वाढवायची सोय) चालू ठेवू नका, व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटरचा संच) ७ पर्यंत त्यामुळे व्हीन्यूमा, म्हणजे गेस्टला ही न्यूमा रचना दाखवणं, बंद पडायचं आणि हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

तांत्रिक भागापेक्षा माणसं समजावणं अवघड आहे. अॅप्लिकेशनवाले सर म्हणतात, ‘व्हेंडरच्या डॉक्युमेंटमध्ये १६ कोअर लिहिलेत.’ वाद घालू नका. मी एवढंच म्हणतो, ‘सर, रविवारी ८ करून बघू, सोमवारी तुम्ही स्वतः रिपोर्ट चालवा, हळू वाटलं तर तासाभरात परत १६ करून देतो.’ आणि दिलेला शब्द पाळायचा. आजवर एकदाच परत वाढवावे लागले, तेव्हा एका तासात वाढवले, म्हणून पुढच्या वेळी त्याच सरांनी दोन मशीन कमी करायला आपणहून दिल्या.

रेशोबद्दल सगळे विचारतात. साध्या कामाला एका कोअरमागे ४ व्हीसीपीयू, म्हणजे आपल्या ९६ कोअरवर ३८४, आणि जड डेटाबेस असतील तर २ च्या पुढे जात नाही. पण हा फक्त सुरुवातीचा अंदाज. रेशो ६ असून रेडी १ टक्का असेल तर तो क्लस्टर निरोगी आहे, आणि रेशो ३ असून रेडी ९ असेल तर आजारी. मॅनेजमेंटला रेशो दाखवा, स्वतः मात्र रेडी आणि को-स्टॉप बघा.

५. रिसोर्स पूल, म्हणजे सीपीयू-मेमरीचा वाटा ठरवलेले मशीनचे गट, फोल्डरसारखे वापरू नका. प्रॉडक्शन पूलला हाय म्हणजे ८,००० शेअर दिले आणि आत ५० मशीन टाकल्या, टेस्ट पूलला लो म्हणजे २,००० दिले आणि आत ४ मशीन. टंचाई आली की प्रॉडक्शनच्या मशीनच्या वाट्याला १६० शेअर आणि टेस्टच्या मशीनला ५००. नाव प्रॉडक्शन आणि हाल टेस्टपेक्षा वाईट. मशीन लावून ठेवायला फोल्डर आहेत, ते वापरा.

६. मेमरी वाढवून वाटू नका. सीपीयू शेअर होतो, रॅमचं तसं नाही. तीन होस्टचे १,५३६ जीबी धरा आणि ८५ टक्क्यांवर थांबा. ईएसएक्सटॉपमध्ये ‘एम’ दाबून एमसीटीएलएसझेडमध्ये बलून (होस्टने मशीनकडून परत घेतलेली मेमरी) दिसतोय का बघा, आणि एसडब्ल्यूआर म्हणजे स्वॅपमधून (डिस्कवर ढकललेल्या मेमरीतून) वाचन सतत चालू असेल तर ती मशीन लगेच हलवा. ‘अॅक्टिव्ह’ मेमरीचा आकडा बघून डेटाबेसची रॅम कापू नका, तो नमुन्यावरून काढलेला अंदाज असतो आणि डेटाबेसचा कॅश त्यात धरला जात नाही.

७. पुढचा अंदाज सरासरीवर काढू नका. महिन्याची सरासरी रात्री आणि रविवार धरून येते, तिच्यात २० तारीख बुडून जाते. तासाचे आकडे घ्या, ९५ वा पर्सेंटाइल (शंभरातले ९५ आकडे ज्याच्या खाली असतात तो आकडा) काढा, आणि मार्च अखेर वेगळा ठेवा. व्हीसेंटर जुने आकडे गोळा करून सपाट करतो, म्हणून त्या दिवसांचे २० सेकंदांचे आकडे तासाभराच्या आत बाहेर काढून ठेवावे लागतात, नंतर मिळत नाहीत.

८. मगच खरेदीचं बोला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून परवाना कोअरवर सबस्क्रिप्शनने मिळतो आणि एका सीपीयूमागे किमान १६ कोअर धरले जातात, म्हणजे ८ कोअरचा स्वस्त प्रोसेसर घेतला तरी पैसे १६ चेच. कोटेशन मागवायच्या आधी चौथी पायरी निदान तीन महिने चालवा. त्या ईआरपीवाल्या क्लस्टरमध्ये पाचव्या होस्टची फाईल सहीला गेली होती. व्हीसीपीयू कमी केल्यावर ती मागे घेतली, आणि पुढची दीड वर्षं चार होस्टवरच काढली.