तलावाला क्लोरीनचा वास मारतोय? मग क्लोरीन कमी पडलंय

सोसायटीचा पोहण्याचा तलाव सांभाळत मी सोळा उन्हाळे काढले. दर उन्हाळ्यात कुणीतरी येऊन सांगतंच, "फार वास येतोय हो, दोन दिवस क्लोरीन बंद ठेवा." पहिल्या वर्षी मी ऐकलं. मे महिना, सुट्टीची बॅच, पाण्यात पोरंच पोरं. दुसऱ्या दिवशी सगळी डोळे चोळत बाहेर आली आणि चौथ्या दिवशी तळाच्या काळ्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या.

रोजची कामं सोपी आहेत. जाळी मारा, स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या खोक्यांच्या) टोपल्या झटका, तळ व्हॅक्यूम करा. वाळूच्या फिल्टरच्या गेजवरचं प्रेशर धुतल्यावरच्या आकड्याहून अर्धा किलो चढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. रोज हौसेनं बॅकवॉश करू नका. किंचित मळलेली वाळूच बारीक गाळ धरते.

पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क याचा आकडा) आधी, क्लोरीन नंतर. ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. पीएच चढलेला असताना हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कॅनमधलं पातळ क्लोरीन) ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

आता वासाचं. मोकळ्या क्लोरीनला एवढा वास नसतो. घामातल्या, लघवीतल्या नत्राशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन होतात. नाकाला झोंबतात ते हेच, डोळे लाल करतात तेही हेच. म्हणजे क्लोरीन होतं, पण कामात खर्ची पडलं. ते काढायला आणखी क्लोरीनच लागतं, तेही एकदम भरपूर.

पाणी पिवळं करणारं जुनं किट यासाठी बिनकामाचं. ते एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळं किती ते सांगत नाही. डीपीडी किट घ्या, त्यात पाणी गुलाबी होतं. नमुना इनलेटपासून (पाणी आत येतं तिथून) लांब, कोपरभर खोलीवरून. नळीत एक नंबरची गोळी टाकली की मोकळं कळतं, त्याच नळीत तीन नंबरची टाकली की एकूण. मोकळं १ आणि एकूण १.८ आलं, तर ०.८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरामाइनमध्ये अडकलेलं. ०.४ च्या वर गेलं की मी त्याच रात्री शॉक देतो, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन.

हिशेब असा: अडकलेल्याच्या दहापट. २५ बाय १० मीटरचा, सरासरी १.२ मीटर खोल तलाव म्हणजे ३ लाख लिटर पाणी. ०.८ ची दहापट ८ पीपीएम, म्हणजे २,४०० ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचा ताजा हायपो असेल तर २४ लिटर. उन्हात पडलेला कॅन घेऊ नका, त्याची ताकद उडालेली असते. आणि "आज निम्मं टाकू, उद्या बघू" हे तर अजिबात नको. मी ते करून पाहिलंय; वास दुप्पट झाला.

पीएच ७.२ च्या आसपास आणा, सूर्य मावळला की पंप चालू ठेवून हायपो कडेकडेनं फिरवत ओता. झाकण काढा, तलाव बंदिस्त असेल तर खिडक्या उघडा, गेटला कुलूप. मोकळं क्लोरीन ३ च्या खाली उतरेपर्यंत मी कुणालाही आत सोडत नाही.

एक फसगत सांगतो. शॉकनंतर मी नळीत डीपीडीची गोळी टाकली, नळी क्षणभर गुलाबी झाली आणि पांढरी पडली. वाटलं, शून्य! आणखी एक कॅन ओतला. खरं तर क्लोरीन इतकं चढलं होतं की त्यानं रंगच खाल्ला. तलाव तीन दिवस बंद, शिव्या मला. अशा वेळी नमुना बाटलीबंद पाण्यानं पाचपट पातळ करून पाहा आणि आकडा पाचनं गुणा.

शॉकला टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या वापरू नका. त्यांतलं सायन्युरिक ॲसिड साठत जातं, क्लोरीनला मंद करतं आणि पाणी बदलल्याशिवाय जात नाही. दोन शॉकनंतरही वास हटला नाही तर चौथा हिस्सा पाणी सोडून ताजं भरा. टीसीसीए आणि ब्लिचिंग पावडर यांना एकच मग कधीही नको, आग लागते. हायपोत ॲसिड पडलं तर विषारी वायू. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.

स्पा, म्हणजे गरम पाण्याचा टब, असेल तर सगळं जास्त कडक. पाणी थोडं, माणसं तेवढीच, वर वाफ. लेजिओनेला हा फुप्फुसांना त्रास देणारा जिवाणू याच उबेत वाढतो. मोकळं क्लोरीन किमान ३, तापमान ४० अंशांपुढे नाही, टीसीसीए अजिबात नाही. २,००० लिटरच्या स्पात रोज २० जण बसत असतील तर नवव्या दिवशी पाणी सोडून द्या.

अंघोळ करून आलेला माणूस निम्मा त्रास वाचवतो. पाट्या लावून कुणी ऐकेना, म्हणून आम्ही तलावाकडे जायची वाटच शॉवरखालून काढली. सर्वसाधारण सभेत त्यावरून तासभर भांडण झालं. शॉवर अजून तिथेच आहे.