पार्किंगमधली गाडी कुणी फोडली तर भरपाई कुणाकडून? आधी बघा किल्ली कुणाकडे होती

माझ्याबरोबर झालं ते रात्री साडेनऊला. पैसे भरून, तिकीट घेऊन बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी लावली होती, दोन तासांनी येऊन बघतो तर ड्रायव्हरच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक सलग रेघ ओढलेली आणि मागच्या दाराची काच सीटवर सांडलेली. काउंटरवर गेलो तर तिथल्या माणसाने काही न बोलता भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं, ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत’. मला वाटलं झालं, संपला विषय. आणि मी काचा झाडून गाडी घेऊन घरी आलो, हीच माझी सगळ्यात मोठी चूक. ती तुम्ही करू नये म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट, ज्याने फोडली तो जबाबदार, यात वादच नाही, तो सापडला तर पोलीस केस पण होते आणि नुकसानीचे पैसेपण त्याच्याकडून मागता येतात. पण तो सापडत नाही, बहुतेकदा नाहीच सापडत, आणि मग खरा प्रश्न येतो की दुसरं कोण. इथे सगळे एकच चूक करतात, ते विचारतात की जागा कुणाची होती. जागा कुणाची हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं की गाडीचा ताबा कुणाकडे होता, म्हणजे साध्या भाषेत किल्ली कुणाच्या खिशात होती.

तुम्ही किल्ली वॅलेवाल्याच्या, म्हणजे हॉटेलात तुमची गाडी नेऊन लावणाऱ्या माणसाच्या हातात दिली, गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गाडी सोडली, तर तुम्ही गाडी त्यांच्या ताब्यात दिली असं कायदा मानतो आणि तिची काळजी घेणं हे त्यांचं काम होतं. भारताच्या 1872 च्या करार कायद्यात कलम 151 मध्ये हे अगदी घरगुती पद्धतीने मांडलंय, साधा शहाणा माणूस स्वतःच्या तसल्याच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यायची. मग किल्ल्या उघड्या बोर्डावर टांगलेल्या, गेटवर कुणी नाही, असं असेल तर ती काळजी घेतली नाही हे सरळ दिसतं.

आता दुसरी बाजू. तुम्ही स्वतः गाडी लावली, स्वतः लॉक केली, किल्ली तुमच्या खिशात, फक्त जागेचं भाडं दिलं, तर बऱ्याच ठिकाणी कोर्ट म्हणतं की तुम्हाला फक्त गाडी उभी करायची परवानगी मिळाली होती, गाडी कुणी सांभाळायला घेतली नव्हती. इंग्लंडमध्ये 1937 चा एक निकाल आहे, अॅशबी विरुद्ध टॉलहर्स्ट, त्यात माणसाने एक शिलिंग देऊन गाडी लावली आणि तिथल्या अटेंडंटने तिकीट न बघता ती भलत्याच माणसाला नेऊ दिली, तरी कोर्टाने पार्किंगवाल्याला सोडलं, कारण काय तर ही नुसती परवानगी होती. वाचून माझं डोकंच फिरलं होतं. पण म्हणूनच सांगतो, ‘पैसे दिले म्हणजे जबाबदारी त्यांची’ हे वाक्य घेऊन भांडायला जाऊ नका, ते टिकेलच असं नाही.

बोर्डाचं काय मग? बोर्ड म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने वॅलेला गाडी दिली आणि ती चोरीला गेली, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि निकाल लागला नोव्हेंबर 2019 ला, म्हणजे एकवीस वर्षांनी. हॉटेलने तेच सांगितलं होतं, तिकिटावर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलंय. कोर्ट म्हणालं, आधी तुम्ही पुरेशी काळजी घेतली हे दाखवा, मग त्या छापील ओळीचा आधार घ्या, आणि गाडी तुमच्या ताब्यात असताना गेलीये म्हटल्यावर काय झालं ते सांगायची जबाबदारी तुमची. ही केस चोरीची होती, पण ताब्यात दिलेली गाडी कुणी फोडली तरी मुद्दा तोच. त्यामुळे बोर्ड दाखवला की गप्प बसायचं नाही, बोर्डाचा फोटो काढायचा, तो पण पुरावाच आहे, किती उंचावर लावलाय, लाइट आहे का, गाडी लावताना दिसतो का की फक्त काउंटरवर आल्यावरच दिसतो, सगळं त्यात येऊ दे.

किल्ली तुमच्याच खिशात असेल तरी एक रस्ता उरतो, निष्काळजीपणा. सोसायटी असो, ऑफिस असो, पैशाचं पार्किंग असो, एकदा अचानक कुणीतरी येऊन गाडी फोडून गेलं तर जागावाल्याला धरणं अवघड. पण त्याच जागेत आधी चार गाड्या फुटल्यात, लोकांनी लेखी तक्रार केलीये, आणि तरी लाइट बंद, कॅमेरा बंद, गेट उघडं, तर मग ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायला जागा राहत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला ओरखडा पडला तेव्हाच कमिटीला एक मेल टाकून ठेवा, दोन ओळींचा. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही. आणि देखभालीच्या पैशात गार्ड आणि कॅमेऱ्याचे पैसे घेत असतील तर ती पावती जपा, कारण सेवा देतो म्हणून पैसे घेतले आणि दिली नाही हा वेगळाच मुद्दा होतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. गाडी हलवू नका आणि काचा झाडू नका. आधी लांबून फोटो, ज्यात गाडी आणि आजूबाजूची जागा, पिलरचा नंबर दिसेल, मग नंबर प्लेटसकट, मग जवळून, आणि जवळच्या फोटोत एखादं नाणं किंवा पेन ठेवा म्हणजे रेघेची लांबी कळते. दारातली काच फुटली की तिचे बारीक चौकोनी तुकडे होतात आणि अर्धे दाराच्या आत पडतात, त्यामुळे खिडकीचं बटण दाबून ‘खाली जाते का बघू’ करू नका, आतली मोटर आणि रबर पण जाईल. मी दाबलं होतं. टायरला बाजूने चीर मारली असेल तर पंक्चरवाल्याला ती दुरुस्त करता येत नाही, टायर बदलावाच लागतो, दहा फूटसुद्धा चालवू नका. पेंटवर काही ओतलेलं दिसलं, ब्रेक ऑइल किंवा तसलं काही, तर फक्त फोटो काढा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा, इथे पुराव्यासाठी थांबण्यात अर्थ नाही, तासाभरात रंग सुटायला लागतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.

मग कॅमेरा, आणि हे त्याच दिवशी, उद्या नाही. रेकॉर्डिंगची डिस्क भरली की जुनं फुटेज पुसून त्यावर नवीन चढतं, कुठे महिना राहतं कुठे आठवडाभर. ‘साहेब आले की दाखवतो’ म्हणाले तर हो म्हणा पण तिथेच उभं राहून मेल किंवा मेसेज पाठवा. मजकूर साधा, ‘आज अमुक तारखेला रात्री साडेसात ते साडेनऊ या वेळेत तुमच्या पार्किंगमधल्या अमुक पिलरजवळ माझ्या गाडीचं नुकसान झालं आहे. या वेळेचं आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या एक तासाचं सर्व कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवावं. ते पुसलं गेल्यास जबाबदारी आपली राहील.’ बस एवढंच, शिव्या नकोत, दम नको. आणि फुटेज बघताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनशेजारी तुमचा मोबाइल धरून दोन्हीची वेळ एका फोटोत घ्या. माझ्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ 47 मिनिटं पुढे होतं, कुणाच्या लक्षातच नाही, आम्ही भलत्याच वेळेचं फुटेज बघत बसलो दोन तास.

फुटेजमध्ये कुणी दिसलं तर ते ग्रुपवर टाकायची खाज आवरा. चेहरा ओळखण्यात चूक झाली तर बदनामीची केस तुमच्यावर. क्लिप पोलिसांना द्या.

पोलिसांकडे तक्रार करताना दोन वेळा नक्की लिहा, गाडी शेवटची धड कधी पाहिली आणि फुटलेली कधी पाहिली. ‘काल रात्री’ असं मोघम लिहू नका. तक्रारीची प्रत आणि नंबर घेतल्याशिवाय निघू नका, चोर सापडो न सापडो, इन्शुरन्सला आणि पार्किंगवाल्याला तो कागद लागतोच.

लहान मुलांनी केलं असेल तर मामला देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये सोबत राहणाऱ्या अल्पवयीन मुलाने केलेल्या नुकसानीला आईबाप जबाबदार धरले जातात, त्यांची चूक नसली तरी. जर्मनीत बांधकामांवर ‘मुलांसाठी पालक जबाबदार’ असे बोर्ड सर्रास असतात पण कायदा तेवढं म्हणत नाही, लक्ष ठेवण्यात कसूर केली असेल तरच पालक अडकतात. म्हणजे तिथेही बोर्ड कायद्यापेक्षा जास्त बोलतो. दंगल किंवा मोर्चात गाडी गेली तर भारतात सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तोडफोड करणारे आणि कार्यक्रमाचे आयोजक, दोघांकडून भरपाई मागता येते. मागता येते म्हटलंय मी, मिळते कधी तो भाग वेगळा.

आणि इन्शुरन्स. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर विसरा, ती तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरते, तुमच्या गाडीचं नाही. स्वतःच्या नुकसानीचं कव्हर असेल तर मुद्दाम केलेली तोडफोड भारतातल्या स्टँडर्ड पॉलिसीत येते. कळवायचं लगेच, आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेला माणूस, बघून जाईपर्यंत दुरुस्ती करायची नाही. गाडीतला लॅपटॉप, बॅग वगैरे मात्र साध्या मोटार पॉलिसीत नसतं.

क्लेम करायचा की नाही हे आकडा मांडून ठरवा. भारतात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के, आणि एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, परत पहिल्या पायरीपासून चढायचं. हा बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, सगळ्या प्रीमियमवर नाही, लोक तिथे हिशेब चुकवतात. रेघेवरून नख फिरवा, नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि पॉलिशने बऱ्यापैकी जातो, त्यासाठी कसला क्लेम. नख अडकलं, खालचा वेगळा रंग दिसला, तर पूर्ण पॅनल रंगवायचं काम आहे, मग हिशेब बदलतो.

एक गोष्ट खूप कमी लोकांना माहीत असते. इन्शुरन्स कंपनीने तुम्हाला पैसे दिले की तुमच्या जागी ती पार्किंगवाल्याच्या मागे लागू शकते, वरच्या दिल्लीच्या केसमध्ये कंपनीने आधी मालकाला पैसे दिले आणि मग हॉटेलविरुद्ध केस लढवली. त्यामुळे पार्किंगवाला थोडेफार पैसे पुढे करून ‘आता काही तक्रार नाही’ असा कागद सहीला देत असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका, त्या सहीने कंपनीचा हक्क गेला तर ती तुमचा क्लेम अडवेल.

भाड्याची गाडी असेल तर उलटं, तिथे ताबा तुमच्याकडे आहे, त्यामुळे आधी करार काढा आणि तुमच्यावर किती रकमेपर्यंत येतंय ते बघा, आणि गाडी घेतानाच चारी बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवा. मित्राची मागून आणलेली असेल तरी तेच, फक्त तिथे करार नसतो, तोंड दाखवायचं असतं.

माझं पुढे काय झालं म्हणाल तर, चार वर्षांचा बोनस होता, हिशेब केला आणि क्लेम केलाच नाही. तिसऱ्या दिवशी जाग आली, लेखी पत्र दिलं, त्यात बंद लाइटचा फोटो आणि कॅमेऱ्याच्या घड्याळाचा फोटो जोडला. दोन महिन्यांनी त्यांनी काचेचे पैसे दिले, रेघेचे नाही, म्हणे ती आधीची नाही कशावरून. माझ्याकडे त्या रात्रीचा लांबून काढलेला एकही फोटो नव्हता.