हाताच्या खुणेवर कुत्र्याला बसायला कसं शिकवावं

आमची चिंगी गावठी कुत्री. मी 'बस' म्हटलं की टुणकन बसते, याचा मला भारी अभिमान. एकदा आई सोफ्यावरूनच 'चिंगी, बस' म्हणाली, तर ही शेपूट हलवत उभीच. मग मी भिंतीकडे तोंड करून 'बस' म्हटलं. तरी ढिम्म. तेव्हा उजेड पडला, की शब्द तिला कधी कळलाच नव्हता. 'बस' म्हणताना मी कमरेत जरासा वाकत होतो आणि ती त्या वाकण्यावर बसत होती.

बर्लिनच्या हान्स घोड्याची हीच गंमत. विल्हेल्म फोन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने तपासलं आणि १९०७ मध्ये उलगडा मांडला: विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकतो. माणसं खुराकडे बघायला डोकं झुकवत आणि बरोबर आकडा आला की नकळत किंचित वर उचलत. हान्स तिथे थांबायचा. मालक लबाड नव्हता, त्याला स्वतःलाच हे माहीत नव्हतं.

म्हणून सुरुवात आपल्या अंगापासून करा. मोबाइल समोर ठेवून स्वतःचं चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. वाकता का, मान हलते का, हात आधीच खिशाकडे जातो का? कुत्रं तेच वाचतंय.

आता खाऊ. उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे. (बेदाणे आणि चॉकलेट नको, कुत्र्यांना ती विषारी ठरतात.) वेळ जेवणाआधीची, जागा शांत. ताठ उभे राहा, मुठीतला तुकडा नाकाजवळ धरा आणि हात हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि खाऊ द्या. सगळी मेख इथे आहे. दोन सेकंद उशीर झाला आणि तोवर ते उठलं, तर तुम्ही उठायला शिकवलंत. उडी मारत असेल तर हात फार वर जातोय. मागे सरकत असेल तर भिंतीजवळ उभं करा. पाठ दाबून बसवू नका, त्यातून ते फक्त तुमचा हात टाळायला शिकेल.

चारपाच वेळा जमलं की मूठ रिकामी ठेवा. तीच हालचाल करा, पण खाऊ दुसऱ्या हातातून द्या. नाहीतर 'हातात काही नाही ना, मग कशाला बसू' हा हिशेब कुत्र्यांना फार लवकर येतो. मग दर दिवशी हालचाल थोडी आखडती घ्या. शेवटी तळवा वर करून हात कमरेपासून छातीपर्यंत आला, एवढीच खूण पुरते.

शब्दही हवा असेल तर क्रम सांभाळा: आधी 'बस', क्षणभर थांबायचं, मग खूण. दोन्ही एकदम दिलंत तर ते खुणेकडेच बघेल आणि शब्द वाया जाईल. चिंगीच्या बाबतीत माझी चूक हीच होती.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरेत. मध्येच जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं सुरू झालं तर तो बहुधा ताण असतो, उद्धटपणा नव्हे. तिथेच थांबा.

हॉलमध्ये जमलेलं जिन्यात जमत नाही. नव्या जागी पुन्हा मुठीतल्या तुकड्यापासून सुरुवात करा, तिथे लवकर जमतं. सवय पक्की झाल्यावर खाऊ कधी द्या, कधी नुसतंच चुचकारा. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय जास्त चिवट असते.

आणि गावठी कुत्र्याला हे जमेल का, असं विचारू नका. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकवणीचा गंधही नसलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना भांडी दाखवून एकाकडे बोट केलं होतं. बरीच कुत्री जवळच आली नाहीत, पण आली त्यातल्या बहुतेकांनी बोटाची दिशा ओळखली. तेव्हा भित्र्या कुत्र्याला आधी चार दिवस नुसतं जवळ येऊ द्या, खूण नंतर.

शेवटी घरातल्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून तीच खूण, त्याच उंचीवर करायला लावा. आमच्याकडे आईला ती शिकवायलाच जास्त दिवस लागले.