हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचंय? आधी क्ले लावून बघा

प्रोजेक्ट कारचं इंजिन उघडलं की कुणीतरी हमखास सांगणार, आता खोललंच आहेस तर हेड (सिलेंडरवरचं झाकण, यातच व्हॉल्व्ह बसतात) अर्धा मिलिमीटर घासून घे, पिकअप वाढतो. वाढतो, खोटं नाहीये, पण तो माणूस पुढचं काही सांगत नाही. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात (किती, ते पिस्टनवर क्ले लावून मोजायचं), कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो ते, नक्की किती झालं हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि ओव्हरहेड कॅमचं इंजिन असेल (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हेडमध्येच) तर व्हॉल्व्हचं टायमिंगही सरकतं. हे मोजत बसायचा कंटाळा असेल तर हेड फक्त सपाट होण्यापुरतं घासून घ्या आणि तेवढ्यावर थांबा.

१. हेड उतरवा. इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट बाहेरून आत येत थोडे थोडे सैल करत.

२. हेडला क्रॅक आहे का ते फेसिंगच्या (घासून सपाट करण्याच्या) आधी बघून घ्या, प्रेशर टेस्ट करून. घासून झाल्यावर क्रॅक सापडला तर काय उपयोग.

३. आता व्हॉल्यूम. व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवा, हेड उलटं करून लेव्हलमध्ये ठेवा, चेंबरच्या (हेडमधल्या खळग्याच्या) कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची शीट चिकटवा आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडा. बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. सगळे चेंबर मोजा, एकावर भागवू नका. समजा बोअर ७५ आणि स्ट्रोक ७३ मिमी, म्हणजे एका सिलेंडरचे साधारण ३२२ सीसी. चेंबर ३३, दाबलेल्या गॅस्केटचे ५.४ आणि पिस्टन टॉपला (सगळ्यात वर) डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या, ०.३ मिमी खाली थांबतो त्याचे १.३, एकूण ३९.७ सीसी (पिस्टन सपाट धरलाय, वाटी किंवा फुगवटा असेल तर तोही धरायचा). ३२२ अधिक ३९.७ भागिले ३९.७, म्हणजे ९.१ ला १. अर्धा मिमी घासून चेंबरमधले दोन सीसी गेले की हेच साडेनऊच्या आसपास जातं. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप असतो, वाढलेलं कॉम्प्रेशन झेपेल का हे पेट्रोलच्या ऑक्टेनवर ठरतं, आणि म्हणून आकडा आधी काढायचा, मशीनवाल्याकडे नंतर जायचं. घासून आल्यावर चेंबर पुन्हा मोजा.

४. टायमिंग. हेड खाली आल्यामुळे कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं आणि बेल्ट किंवा चेन टाइट केली की कॅम थोडा मागे पडतो. अ‍ॅडजस्टेबल पुली आणि डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून तो जागेवर आणा. हे क्लेच्या आधीच करायचं, कारण कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या अजून जवळ येतो, म्हणजे आधी घेतलेलं माप गेलं वाया.

५. आणि आता क्ले. मला सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर लागायचा आणि सगळ्यात भिकार सल्लेही याच टप्प्याबद्दल मिळतात. पहिला सल्ला, पिस्टन टॉपला आणून बघ, व्हॉल्व्ह लागत नाही ना, मग झालं. अहो, टॉपला बघून काही कळत नाही! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो तेव्हा पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो, म्हणून तो सर्वात जवळ येतो टॉपच्या थोडं आधी. इनटेक उघडता उघडता खाली जाणाऱ्या पिस्टनला गाठतो, तो टॉपच्या थोडं नंतर, साधारण दहा-पंधरा डिग्रीच्या आसपास. म्हणजे जिथे बघायला सांगतात तिथे धोका नसतोच.

मुलांची खेळायची क्ले घ्या, पिस्टनवर व्हॉल्व्ह येतो तिथे पाच-सहा मिमीचा थर लावा आणि वरून तेलाचा हात फिरवा, नाहीतर ती व्हॉल्व्हला चिकटून उपटून येते. गॅस्केट त्याच जाडीचं जुनं, दाबलेलं वापरा. बोल्टही जुने, पण नीट टाइट करा, नुसतं हाताने बसवून घेतलेलं माप खोटं असतं. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि व्हॉल्व्हमधले, तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर ते दाबले जातात आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही, मग क्ले जाड दिसते आणि आपण खूश. म्हणून तिथे चेकिंगपुरती हलकी स्प्रिंग किंवा सॉलिड लिफ्टर लावा.

मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, हाताने पूर्ण दोन फेरे. एक फेरा नाही, कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. मध्ये कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर लावायचा नाही आणि स्टार्टर तर चुकूनही मारायचा नाही, व्हॉल्व्ह वाकतात. हेड काढा, तेल लावलेल्या ब्लेडने क्ले कापा आणि सर्वात पातळ जागा मोजा. पातळ जागा बहुतेक वेळा मधे नसते, व्हॉल्व्हच्या कडेला असते, कारण व्हॉल्व्ह तिरका बसलेला असतो.

इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. एक्झॉस्ट जास्त तापतो आणि लांब होतो, शिवाय हाय आरपीएमला स्प्रिंग कमी पडली की तो बंद व्हायला उशीर करतो. दीड मिमीवर चालतं असं सांगणारे भेटतील, चालतं, जोपर्यंत चालतं तोपर्यंत. माप कमी आलं तर पिस्टनमध्ये पॉकेट मशीनवर पाडून घ्या, हँड ग्राइंडरने नको, सगळ्या पिस्टनचं वजन वेगवेगळं होईल. जाड गॅस्केट टाकायचा सल्लाही मिळेल, पण मग घासून मिळवलेलं कॉम्प्रेशन परत गेलं, तर हेड घासलं कशाला?

६. फिटिंग. ब्लॉकमधली बोल्टची भोकं एअरने कोरडी करा, तळाला तेल किंवा पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला तर ब्लॉक फुटू शकतो. अँगलने (ठरावीक डिग्री फिरवून) आवळायचे बोल्ट असतील तर नवेच घ्या. मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या टप्प्यांनी.

७. प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा, मग प्लग लावून स्टार्ट करा. इग्निशन सुरुवातीला दोनेक डिग्री मागे ठेवा आणि लोडवर खडखड (नॉकिंग) ऐकू आली तर लगेच पाय काढा, अजून मागे घ्या. तरीही नॉकिंग जात नसेल तर टायमिंग मागे ओढत बसू नका, चेंबरचं गणित पुन्हा तपासा.